आत्याच्या मांडीतल्या गवंडणी

तीर्थरूप आत्या, लांबूनच नमस्कार. (जवळ येऊन पाया पडायचं, तर तू पाय पलंगावरून खाली सोडायला हवेस.) झोप लागते ना? जेवणाला नावं ठेवतेस असं कळलं, म्हणजे तब्येत सुधारते आहे.

इकडे मी सोडून सगळे खुशाल. विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी हाडाच्या काचपट्ट्या करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हाडाचा पातळ काप काढण्याआधी ते आम्लात मुरवून मऊ करावं लागतं, आणि मुरलं की नाही हे रसायन घालून तपासतात. मी तुझ्या हाताखाली स्वयंपाक शिकलेली! बोटाने दाबलं (हातमोजे होते, घाबरू नकोस), ‘झालं’ म्हटलं आणि यंत्रावर चढवलं. नव्या पात्याला खाच पडली. सर ओरडले नाहीत, नुसते पात्याकडे बघत राहिले. ते जास्त लागलं. त्या धास्तीने पुढचा तुकडा इतका मुरवला की त्याला गाठ मारता आली असती, आणि रंग तर धरेचना.

तिसऱ्या खेपेला जमलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि सगळा वैताग गेला. बारीक रक्तवाहिनीभोवती कांद्यासारखी वलयं, वलयांत इवल्या खोल्या, खोलीत एकेक पेशी. हाड बांधता बांधता स्वतःच भिंतीत अडकलेल्या गवंडणी! पण गप्प बसतील तर शपथ. भिंतीतून बारीक हात काढून शेजारणीशी सतत संधान. आपण उभे राहिलो, भार पडला, की ती बातमी घरोघर जाते आणि बांधकामाला जोर येतो. भारच नसला की हाड खाणाऱ्या जाड्या पेशींना मोकळं रान. (त्याही कामाच्याच, जुनं पाडतात, पण लक्ष ठेवायला नको?) डॉक्टरांनी तुला चालायला सांगितल्यापासून तुझ्या मांडीच्या मोडलेल्या हाडातल्या गवंडणी बातमीची वाट बघत असतील, असं काम करताना सारखं मनात येतं.

तुझी भाची

ता. क. वॉकरवर तुझा टॉवेल वाळतो, हे काकांनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस. पाय दुखण्यापेक्षा पुन्हा पडायची भीती मोठी आहे, हे त्यांनी ओळखलंय. मलाही ती वाटते, आत्या.

आणखी ता. क. शनिवारी येते आहे. दार तूच उघडायचंस. काकांनी तुझ्या मागे उभं राहावं, पण कडीला हात लावू नये. त्यांनी उघडलं तर मी आत येणार नाही, पायरीवर बसून राहीन, आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर खरं कारण सांगेन. सावकाश ये. मी थांबते.