तसबिरीने पांघरलेली घोंगडी

मी, सरूबाई धर्मा पांगारे, वय छप्पन्न, राहणार मुलुंड, पुरती शुद्धीवर आहे. डॉक्टरांना चैत्राची खात्री नाही, म्हणून आजच लिहिते. कोणी भरीस घातलेले नाही. घालायला आले होते, ते चहा पिऊन परत गेले.

१. माझे पती बाजारात हमाली करीत. १९६४ साली येथील उत्तुंग भ्रमण मंडळाने त्यांना ओझी वाहायला हिमालयात नेले. शिखरावर हार घालायला संस्थापकांची काचेची तसबीरही नेली. काच फुटू नये म्हणून तिला धर्मांची घोंगडी गुंडाळली. सोबतचे हमाल भाऊराव म्हणाले, "साहेब, निजेपुरती तरी सोडा." कार्यवाह विद्याधर कर्णिक म्हणाले, "एकदा बांधलंय ना? परत कोण बांधणार?" तिसऱ्या दिवशी छाती भरून धर्मा गेले. तसबिरीला ओरखडा नाही.

मंडळाचा अहवाल वाचता यावा म्हणून मी अक्षरे शिकले. तसबिरीवर दीड पान आहे. धर्मांवर अर्धी ओळ: 'एक हमाल आजारी पडला.' बायकोने नवऱ्याचे नाव घेऊ नये म्हणतात. मंडळाने तरी घ्यायचे.

२. दर वैशाखात मंडळ मला सभेत शाल देते. मुलुंडच्या उन्हात नऊ शाली झाल्या. येत्या मे महिन्यात मंडळ पुन्हा निघाले आहे. यंदा संस्थापकांचा अर्धपुतळा नेणार. शाली बरोबरच्या हमालांना द्याव्यात. भाषण करू नये.

३. माझ्या मालकीची खोली कर्णिकसाहेबांनी मंडळाच्या सामानासाठी मागितली. "सरूबाई, दारावर धर्माच्या नावाची पाटी लावू." मी म्हटले, "अहवालात जागा नव्हती, दारावर कशी झाली?" खोली माझ्या बहिणीचा मुलगा अनंता याला. पुतळा वाहायला त्यालाच नेमले आहे. अट एकच: प्रत्येक हमालाला बूट, स्वेटर, घोंगडी मिळाल्याशिवाय आणि ओझे त्याच्यासमोर तोलल्याशिवाय अनंताने पुतळ्याला हात लावू नये. लावल्यास खोली शेजारच्या मालनची.

अनंता म्हणतो, "मावशी, काम जाईल गं."
"तुझे काका गेले, काम राहिलंच की."

४. धर्मांची चुंबळ माझ्या लुगड्याची आहे. ती कर्णिकसाहेबांना. हमाल न आल्यास पुतळा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर न्यावा. कापड मऊ आहे.

५. घोंगडी मंडळाने धुऊन परत पाठवली होती. ती अनंताने अंगावर घ्यावी, दुसऱ्या कशाला गुंडाळू देऊ नये. माझ्या प्रेतावरही घालू नये. मला मुलुंडात थंडी वाजत नाही.

हे साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. भाऊरावांनी पहिले कलम पुन्हा वाचायला लावले, मग अंगठा दिला.

सही: सरूबाई धर्मा पांगारे

साक्षीदार:
भाऊराव लक्ष्मण घुगे, हमाल (अंगठा)
रत्नप्रभा वामन टिपणीस, शिक्षिका (सही)

मुलुंड, ११ फेब्रुवारी १९७४