बाबांना छावणी दाखवली

१७ एप्रिल १९९५. ईस्टरचा सोमवार.

निर्णय झाला. मे महिन्यात बाबांना माउटहाउझेनला न्यायचं.

ऑस्ट्रियातली ती नाझींची छावणी सुटल्याला पन्नास वर्षं होतायत. पत्रकं छापली म्हणून बाबांना ऐन तारुण्यात तिथे डांबलं होतं. सुटून आले, छापखान्यात परत लागले, लग्न केलं, आम्हाला वाढवलं, पण छावणीबद्दल घरात चकार शब्द नाही. आई हिवाळ्यात गेली. तिलाही सांगितलं नसावं. कोणीतरी ही कोंडी फोडायला हवी, आणि या घरात ते काम माझंच आहे. मी सोळा वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवतोय. घाबरलेल्या माणसाला मोकळं कसं करायचं ते मला कळतं.

दुपारी बाबा जेवायला आले होते. माझ्या बायकोने, अलेनाने, ससा भाजला होता. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं. बाबांनी हाड ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, "तिथे मी जाऊन आलोय."

अलेना ताटं उचलायला लागली. मी मात्र हसलो. माणूस विनोद करायला लागला म्हणजे सुरुवात झाली.

अलेनाचं म्हणणं, आधी त्यांना विचारायचं तरी. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. मग विचारून उपयोग काय?

२२ एप्रिल

छोटा टेपरेकॉर्डर आणला. खिशात मावतो. बाबा बोलायला लागले की बटण दाबायचं.

संकल्प: प्रवासात मी बोलणार नाही. ऐकणार. प्रश्न विचारले तर लहान.

संध्याकाळी प्लझेनहून द्राहाचा फोन. मोठी बहीण असल्यामुळे तिला वाटतं की बाबा तिला जास्त कळतात. म्हणाली, "विल्डा, सोड ना त्यांना. त्र्याहत्तर वर्षांचे आहेत." मी तिला शांतपणे समजावलं, की दाबून ठेवलेल्या गोष्टी माणसाला आतून कशा पोखरतात. बराच वेळ समजावलं. मध्येच लाइन कट झाली.

तिचाही दोष नाही. नवरा तसला मिळाला. ओताकार लाकडाच्या वखारीत कामाला आहे. वीस वर्षांत माझ्याशी "नमस्कार" आणि "बिअर?" यापलीकडे बोललेला नाही. अशा माणसाशेजारी राहून संवादाचं महत्त्व कसं कळणार?

३० एप्रिल

गप्प राहण्याची प्रॅक्टिस चालू केली. शिकवणीच्या गाडीत एक बाई होत्या, तिसराच धडा. पूर्ण चौक मी एक शब्द बोललो नाही. बाईंनी लाल सिग्नल तोडला आणि ट्रामच्या खांबापाशी... नाही, आमच्या गावात ट्राम नाही, तो दिव्याचा खांब होता. सुदैवाने माझ्या बाजूलाही ब्रेक आहे.

निष्कर्ष: गप्प बसणं चांगलं, पण बेतानं.

अलेना म्हणते, हा निष्कर्ष मी तिला जेवण होईपर्यंत सांगत होतो.

७ मे

टीव्हीवर माउटहाउझेनचा समारंभ दाखवला. झेंडे, बँड, पुष्पचक्रं, छडी टेकत चाललेले म्हातारे. मी समारंभाची तारीख पुढच्या रविवारची धरली होती.

अलेनाने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, हेच बरं झालं. गर्दीत बाबा मोकळे झालेच नसते. शनिवारी जाऊ, शांतपणे.

बाबांना फोन केला. समारंभ होऊन गेला, असं सांगितलं. "बरं झालं. मग राहिलं," म्हणाले. मी म्हटलं, छे छे, आपण जातोय! ते खोकले. होकारच समजायचा.

१३ मे, शनिवार. घरी आल्यावर.

पाय उशीवर ठेवून लिहितोय. दिवस एकंदर चांगला गेला. सगळं नीट लिहून ठेवतो.

गाडी शिकवणीचीच नेली. बाबा माझ्या शेजारी, म्हणजे शिक्षकाच्या सीटवर. त्यांच्या पायाशीही क्लच-ब्रेक आहेत, म्हणून म्हटलं, पाय जरा आखडून घ्या. घेतले.

सीमेवर ऑस्ट्रियाच्या पोलिसाने विचारलं, कशासाठी चाललात? मी म्हटलं, पर्यटन. बाबा माझ्याकडे वळले. "पर्यटन," एवढंच म्हणाले. पुढे मी त्यांना छावणीची माहिती दिली. ग्रॅनाइटची खाण, कैदी कुठकुठल्या देशांचे होते, छावणीभोवतीचा दगडी कोट कधी बांधला. परवापासून वाचून ठेवलं होतं. त्यांनी एकही चूक काढली नाही. वाटेत फ्रायश्टाटला सूप प्यायलो. बाबांनी पाव उरवला नाही, कधीच उरवत नाहीत.

हवा इतकी छान होती की मला जरा वाईटच वाटलं. सफरचंदाची झाडं फुललेली, खाली डॅन्यूब चमकतेय. अशा ठिकाणी जायचं तर आभाळ भरून आलेलं हवं. बाबांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "तेव्हाही फुलायची."

हे रेकॉर्ड करायचं राहिलं. बटण सापडेपर्यंत ते परत गप्प झाले होते.

माउटहाउझेन गाव सोडून छावणीची टेकडी चढायला लागलो आणि गाडी थांबली. जागच्या जागी. मी इंजिन तपासलं, पेट्रोल बघितलं. मागे एक बस हॉर्न वाजवायला लागली. मग लक्षात आलं, बाबांचा पाय ब्रेकवर होता. दोन्ही पाय. मी म्हटलं, बाबा, पाय काढा. ते समोरच्या वळणाकडे बघत होते. वळणावर काहीही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी पाय काढले आणि म्हणाले, "तुझ्या गाडीचे ब्रेक चांगले आहेत."

वर कोटाबाहेर निरनिराळ्या देशांची स्मारकं आहेत. गेल्या रविवारचे हार सुकून पडले होते. बाबांनी आपल्या देशाच्या स्मारकापाशी टोपी काढली आणि परत घातली. मी म्हटलं, आधी खाण बघू, मग आत जाऊ. पाठीवर दगड देऊन कैद्यांना जिथून चढवायचे त्या पायऱ्या म्हणजे मुख्य गोष्ट. बाबा म्हणाले, "मी त्या पायऱ्यांना पाय लावणार नाही. शपथ घेतलीय." मी म्हटलं, तुम्ही वर थांबा. तुम्ही काय भोगलं ते मला स्वतःच्या पायांनी अनुभवायचंय.

उतरणं सोपं होतं. चढताना मध्यावर आलो आणि डावा गुडघा कट्‌कन वाजला. बसलो. उठता येईना. पंच्याण्णव किलो वजन आहे, डॉक्टर मागेच बोलले होते. मी वर बघून हात हलवला. हाक मारली नाही. फारशी नाही मारली. दोन-तीनदाच.

बाबा उतरून आले.

कठड्याला न धरता, एकेक पायरी, खाली मान घालून. मी ओरडलो, कोणाला तरी बोलवा, तुम्ही नका येऊ! ते आले, माझा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि मला उभं केलं. मी आभार मानायला लागलो, गुडघ्याचं सांगायला लागलो. ते म्हणाले, "गप्प बस. बोललं की दम जातो. वर बघायचं नाही. पुढच्याच्या टाचेकडे बघ." पुढे कोणीही नव्हतं. मग ते जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटायला लागले, एका लयीत, पावलागणिक. बाबांना जर्मन येत नाही असं आम्ही आजवर समजत होतो.

वर पोचल्यावर इटालियन बायकांचा एक ग्रुप धावत आला. मला पाणी दिलं, गुडघ्याला रुमाल बांधला, एकीने चॉकलेट दिलं. फार प्रेमळ लोक. बाबा दूर भिंतीपाशी बसले होते. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी लंगडत गेलो. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. म्हणाले, "पायऱ्या आता सरळ बांधल्यात. तेव्हा अशा नव्हत्या." नंतर म्हणाले, "मी आत येत नाही. तू जा."

मला चालता येत नव्हतं. म्हणजे आत जाणं झालं नाही. पण बाहेरून बऱ्यापैकी बघितलं.

परत येताना डाव्या पायाने क्लच दाबता येईना. मग युक्ती काढली. मी "क्लच" म्हणायचं, बाबांनी त्यांच्या बाजूचा दाबायचा. घरापर्यंत असे आलो. क्लच. सोडा. क्लच. सोडा. एकदाही गिअर खरखरला नाही. बापलेकांचं इतकं जमलेलं मला आठवत नाही.

१४ मे

टेप ऐकली. सफरचंदाच्या झाडांपाशी बटण दाबलं तेव्हापासून रेकॉर्डर खिशात चालूच राहिला होता, बाजूही आपोआप उलटतो. पूर्ण एक बाजू माझंच बोलणं. दुसऱ्या बाजूला माझी धाप, आणि त्याखाली लांबून येणारं बाबांचं जर्मन. अलेना भांडी घासता घासता थांबली. म्हणाली, बंद कर ते.

एकूण सहल यशस्वी. पुढच्या वेळी आत जायचं.

२१ मे

बाबांच्या इमारतीतल्या शेजारीण बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आल्या. म्हणाल्या, तुमचे वडील गुरुवारी दुपारभर जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभे होते. पिशवीत दूध होतं. लोक बाजूने चढत-उतरत होते. मदत करू का विचारलं तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." शेवटी दोघांनी धरून चौथ्या मजल्यावर नेलं. डोळे मिटून चढले म्हणे.

चौथा मजला म्हणजे जास्तच. त्या इमारतीला लिफ्ट हवी, हे मी कधीपासून म्हणतोय. उद्याच नगरपालिकेत तक्रार करतो.

३ जून

डॉक्टरांनी बाबांना घरी जाऊन तपासलं. पाय ठणठणीत. हृदय वयाच्या मानाने उत्तम. मी म्हटलं, मग चढत का नाहीत? डॉक्टर म्हणाले, हे तुम्ही त्यांना विचारलंत का?

विचारायला गेलो. बाबा आता खाली उतरतच नाहीत, उतरलं की चढावं लागतं. पाव शेजारीण बाई आणून देतात. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, हा सवयीचा प्रश्न आहे, माझे विद्यार्थीसुद्धा अपघातानंतर गाडीत बसायला घाबरतात, तेव्हा मी काय करतो, तर दुसऱ्याच दिवशी त्यांना त्याच चौकात नेतो. चला, आत्ता माझ्याबरोबर एकदा खाली आणि एकदा वर. मी हात धरतो.

बाबा म्हणाले, "विल्डा, घरी जा."

रागाने नाही म्हणाले. म्हणून जास्त वेळ थांबलो नाही.

१७ जून

द्राहा आणि ओताकार आले आणि बाबांना घेऊन गेले. प्लझेनजवळच्या खेड्यात त्यांचं बैठं घर आहे. मी सामान उतरवायला गेलो होतो, गुडघा अजून दुखतो, तरी गेलो. ओताकारने बाबांना पाठंगुळी घेतलं आणि चार मजले उतरला. एक शब्द न बोलता. बाबांनी त्याच्या मानेवर कपाळ टेकलं होतं.

जिन्यात द्राहाला म्हटलं, मी चांगल्यासाठी केलं. ती म्हणाली, "माहितेय रे." मग म्हणाली, "ओताकारला ते सांगतात कधीकधी. तळ्यावर मासे धरायला जातात तेव्हा. बरीच वर्षं झाली."

मी विचारलं, ओताकारला? आणि तू मला कधी बोलली नाहीस?

"तूच बोलत होतास," ती म्हणाली.

अन्याय आहे हा. मी सोळा वर्षं लोकांची भीती घालवतोय.

अलेनाला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत राहिली. आजकाल ती काही म्हणत नाही.

१५ जुलै

बाबांना भेटून आलो. एकटाच गेलो. जाताना ठरवलं होतं, नुसतं बसायचं. या वेळचा संकल्प खरा होता, आधीच्यांसारखा नाही. अख्ख्या रस्त्यात रेडिओसुद्धा लावला नाही.

घराला कुंपणाची झुडपं आहेत, दाट. पलीकडून आवाज येत होता. आधी ओळखूच आला नाही. बाबांचा होता. शांत, लांबलचक, मध्ये थांबून परत सुरू होणारा. या आवाजात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. "...त्या दिवशी पाऊस होता. दगड हातातून निसटायचे. लुद्येक माझ्या पुढे होता. मला म्हणाला, वर बघू नकोस, माझ्या टाचेकडे बघ..."

मी एक पाऊल पुढे टाकलं. खडी वाजली. आवाज थांबला.

आत गेलो. दोघं अंगणात वाटाणे सोलत बसले होते. ओताकार उठला, मला त्याची खुर्ची दिली, आणि घरात गेला. मी टोपलीतल्या शेंगा घेतल्या. बाबाही सोलत होते. टोपली अर्धी रिकामी झाली. मला वाटलं, आता ते बोलतील. थोडा दम धरायचा फक्त.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. थकलेले होते, पण प्रेमाने विचारलं, "रस्त्यात गर्दी होती का रे?"

मी सांगितलं, गर्दी नव्हती, पण पीसेकच्या पुढे रस्ता खोदलाय. मग वळसा कुठून घ्यावा लागतो ते सांगितलं. तिथल्या पाट्या कशा चुकीच्या लावल्यात, एक ट्रक कसा आडवा आला, मी कसा वेळेवर ब्रेक मारला, ते सांगितलं. नेपोमुकपर्यंतचा अख्खा रस्ता सांगितला. मला माझा आवाज ऐकू येत होता. थांबता येत नव्हतं.

बाबा ऐकत होते. प्रत्येक गावाला मान हलवत होते. टोपलीतल्या शेंगा संपल्या.

लुद्येकचं पुढे काय झालं, ते ओताकारला माहीत आहे.