पडद्यामागच्या दोघी

परम कृपाळू अल्लाहचे नाव घेऊन लिहिते. मी मुज्ना, मरहूम अबुल अला यांची एकेकाळची गाणारी दासी, त्यांनीच हयातीत मुक्त केलेली, वय साठीच्या पुढे, राहणार इश्बिलिया शहर, जिनगरांची आळी. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, स्वखुशीने हे मृत्युपत्र करते. खुशी हा शब्द रिवाज म्हणून लिहिला.

मला मूलबाळ नाही. शरीयतप्रमाणे मिळकतीचा तिसरा हिस्साच मी मर्जीने देऊ शकते. मुक्त केलेल्या दासीचा वारसा मालकाच्या घराकडे जातो, म्हणून बाकी मालकांचा मुलगा यूनुस याच्याकडे जाते. घर त्या हिश्श्यात बसत नाही. म्हणून त्याला बोलावून विचारले. तो म्हणाला, "खाला, सकन आहे तोवर मी या घराकडे बघणार नाही. चार लोकांदेखत सांगतो." तेव्हा सकनने हयातभर येथेच राहावे. तिला कोणी कोपऱ्यात सरकवू नये.

सकन कोण, हे काजीसाहेबांसाठी लिहिते. मालकांच्या मैफलीत पडद्यामागे आम्ही दोघी बसत असू. ती गायची, मी ऊदाच्या तारा छेडायचे आणि दुसरे कडवे उचलायचे. लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या. एका वसंतात संत्र्यांच्या अंगणात मैफल होती. इब्न गालिंद नावाच्या कवीने तिथल्या कारंज्याविषयी उभ्या उभ्या दोन ओळी रचल्या. मालक खुशीत म्हणाले, "मागा, काय हवं ते मागा."

"पडद्यामागचा तो आवाज द्या."

लोक हसले. नोकराने आत येऊन सकनच्या खांद्याला हात लावला. ती ओळीच्या मध्यात होती. बाहेरून मालक म्हणाले, "मुज्ना, गाणं तुटू देऊ नकोस." मी ते पुरे केले. त्यानंतर मला गाण्याचे काही वाटले नाही. लोक मात्र तेव्हापासूनच म्हणू लागले, की मुज्नाचा गळा आता खरा तयार झाला.

कवीने पहिल्याच अडचणीत तिला दानिया शहरात विकले. म्हातारपणी माझ्या दारात जेवायला आला, तेव्हा त्यानेच सांगितले. कोणाला विकले ते आठवेना. त्या दोन ओळी आठवत होत्या. मी जेवण वाढले, ओळी ऐकल्या नाहीत. माझ्या शिष्यांनी त्या कधी गाऊ नयेत.

बरीच वर्षे माणसे पाठवत राहिले. सकन एका रंगाऱ्याकडे सापडली, हात कोपरापर्यंत निळे. सोडवून घरी आणली. उंबऱ्यात उभी राहून तिने मला पाहिले आणि विचारले, "चूल कुठंय?" मला वाटले होते, रडू येईल. आले नाही. तिलाही नाही. आता ती मुक्त आहे. तिच्यावर कोणाचा हक्क नाही, माझाही नाही. ती गात नाही. गायला लावू नये.

ऊद हमदूना या शिष्येला द्यावा. तिचा ताल कच्चा आहे, पण ती गाताना हसते. मालकांच्या थोरल्या सुनेला माझा चांदीचा आरसा हवा आहे. तो तिला देऊ नये. शेजारीण फातिनला द्यावा.

रडणाऱ्या बायका बोलावू नयेत. माझ्या मयताला आंघोळ सकनने घालावी असे मला वाटते, पण हा हुकूम नव्हे. तिला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. नाही म्हणाली तर फातिनला बोलवावे, पुन्हा विचारू नये. आजवर सकनला विचारून कोणी काही केलेले नाही.

लिहून देणार : मुज्ना (सही)
साक्षीदार : खलफ इब्न हय्यून, कागदवाले (सही)
मुगीस इब्न रिज्क, आळीतील मशिदीत बांग देणारे मुअज्जिन (सही)
मुक्काम इश्बिलिया, शाबान महिना, हिजरी सन ४५८