मालिनीचं बाळंतपण आणि माझा आवाज

३ मार्च, सकाळ

जाग आली ती त्या जुन्या आवाजाने. पत्र्याच्या छपराखाली चाळीस पोरं एका दमात कविता म्हणायची आणि छप्पर थरथरायचं. छत्तीस वर्षं भाषा शिकवली, पण तो थरथराट अजून कानात आहे. कवितेची ताकद! (हिचं म्हणणं, पत्र्याचे खिळे सैल होते. असो. हिने आयुष्यभर गणित शिकवलं.)

आज दोन गोष्टी कळल्या. एक, आमच्या मालिनीला दिवस गेलेत. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून सांगितलं, दहाएक दिवस उरलेत, पहिलटकरीण आहे, जपा. मालिनी हे नाव मी वृत्तावरून ठेवलं. ही तिला 'ठमे' म्हणते आणि मांजर ठमेलाच ओ देतं. संगतीचा परिणाम.

दोन, लेकीलाही नववा लागलाय. राहते तासाभरावर, पण बाळंतपणाला इकडे यायला तयार नाही. फोनचा स्पीकर चुकून चालू राहिला म्हणून कळलं. आईला म्हणाली, तिथे नको गं, बाबा दिवसभर कविता म्हणतात, मला जरा झोप हवीय. वा! लहानपणी हीच पोरगी माझ्या कवितेवाचून झोपत नसे. (ही म्हणते, कवितेमुळे झोपत नसे.)

संकल्प: मालिनीचं बाळंतपण असं देखणं पार पाडायचं, की लेक आपणहून बॅग भरेल.

४ मार्च

डॉक्टरीणबाईंच्या सूचना: अंधारी जागा, मऊ जुनी चादर, स्वच्छ टॉवेल, सारखं वाकून बघायचं नाही. आणि शांतता. 'शांतता' दोनदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. मला सांगतात! वर्गात मी दिवसातून साठ वेळा 'शांतता' म्हणून ओरडत असे. शिवाय कविता म्हणजे आवाज नव्हे. टीव्ही म्हणजे आवाज.

टीव्हीचाच मोठा खोका घेतला, एका बाजूला दार कापलं. जरा उंचावर झालं. मापं हिने घ्यायला हवी होती, गणित तिचं. मालिनी आत गेली नाही. कापून काढलेल्या पुठ्ठ्यावर जाऊन बसली.

६ मार्च, दुपार

खोक्याशेजारी खुर्ची टाकून वाचनाला प्रारंभ. कविता माझीच:

येई हळू, येई हळू, इवलाल्या जिवा,
खोक्यातही लागतसे पहाटेची हवा!

एकूण बावीस कडवी. दुसऱ्या कडव्याला मालिनीने कान मागे पाडले. तल्लीनता. पाचव्याला कपाटावर चढली. उंचावरून नीट ऐकू येत असावं.

८ मार्च

मालिनी अजून कपाटावर. ही चिडली. म्हणाली, मास्तर, ती पोटुशी बिचारी तुमच्यापासून पळून पळून पळणार कुठे? मी म्हटलं, या दिवसांत थोडा व्यायाम चांगलाच.

लेकीला फोनवर पहिलं कडवं ऐकवलं. लाइन कट झाली. पुन्हा लावला. 'इवलाल्या'ला पुन्हा कट. तिसऱ्यांदाही बरोबर तिथेच. नेटवर्कची दशा काय वर्णावी!

१० मार्च

आवाज कपाटावर पोचावा म्हणून पट्टी चढवली. बावीस कडवी, तीन वेळा. संध्याकाळी घशात जरा खरखर. मिठाच्या गुळण्या केल्या. छत्तीस वर्षांत माझा आवाज कधी बसला नाही, बसणारही नाही.

११ मार्च

आवाज बसला.

माणसांच्या डॉक्टरांनी सांगितलं, निदान दोन आठवडे एक शब्दही काढायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. हिने त्यांना नक्की ना, नक्की ना, असं दोनदा विचारून घेतलं. किती ती काळजी! घरी आल्यावर फोनवर कुणाशी तरी बराच वेळ हसत बोलत होती. पाटीवर लिहून विचारलं, कोण? म्हणाली, तुम्ही गप्प बसा. आणि मग स्वतःच पुन्हा हसत सुटली.

१२ मार्च, सकाळी नऊ

मालिनी कपाटावरून उतरली. दुधाला तोंड लावलं नाही. सरळ खोक्यात गेली आणि चादर उकरायला लागली. आठ दिवस ज्या खोक्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यात आज आपणहून! कवितेचा परिणाम उशिरा होतो, हे मी नापास मुलांच्या बापांनाही सांगत आलोय.

दुपारी एक

झालं. तीन.

पहिलं पिल्लू मालिनीने सफाईने चाटून काढलं. दुसरं पातळ पिशवीसकट बाहेर आलं आणि ती भांबावून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. पहिलटकरीणच ती. पिल्लू हलेना. आता कवितेशिवाय गत्यंतर नाही म्हणून मी तोंड उघडलं. हवा. हिने नखाने पिशवी फाडली, टॉवेलने नाक पुसलं, पाठ चोळली. चोळतच राहिली. मी खुर्चीचा हात धरून उभा. तेवढ्यात एक बारीकसा 'चीं'. टाचणीच्या टोकाएवढा. छप्परबिप्पर काही थरथरलं नाही. ही ओळ मात्र मी दोनदा खोडून पुन्हा लिहिली.

तिसरं मालिनीने आपलं आपणच निस्तरलं.

थोडक्यात, माझ्या देखरेखीखाली सर्व सुखरूप. टॉवेल कुठे आहे ते ऐन वेळी मीच बोटाने दाखवलं. (तो हिच्या हातात होता.) पाटीवर लिहिलं: लेकीला कळव, कवितेचा विजय. हिने वाचलं आणि त्याच पाटीवर पिल्लांच्या जन्माच्या वेळा मांडल्या.

दुपारी चार

बेल वाजली. इस्त्रीवाला असेल म्हणून दार उघडलं, तर लेक! पोट पुढे, एक हात कमरेवर, मागे टॅक्सीवाला दोन बॅगा आणि चार उशा घेऊन उभा. आली! आपणहून! कविता तासाभराच्या अंतरावर पोचली!

स्वागताला हात पसरले. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, बाबा, आधी एकदा बोलून दाखवा.

मी छाती भरून श्वास घेतला आणि पहिलं कडवं म्हटलं. हवा.

तशी ती वळून टॅक्सीवाल्याला म्हणाली, दादा, आणा आत सगळं सामान.