झाकण काढण्याआधी

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय धाकटीस,

थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद. तुझ्या भावाचा पाय कसा आहे? प्लास्टर निघेपर्यंत त्याला एकटं सोडू नकोस, सावकाश ये. इकडे सगळे मजेत. भाऊजी तुझ्यावाचून वाळलेबिळले नाहीत, चांगलं मागून मागून जेवतात.

खताचं काम चालू आहे. खापऱ्या मासा काही संपत नाही. कुणा शहाण्यानं काचपेटीतला शोभेचा मासा तळ्यात सोडला आणि त्यानं बाकीच्या माशांची अंडीसुद्धा ठेवली नाहीत. परवा ह्यांचं जाळं पुन्हा फाडलं. पाठ खापरासारखी, कापताना हात सोलून निघतात. मी कापते, गुळात कालवते, पिंपं भरते.

पण घरात नाव कुणाचं? तुझं. "धाकटीनं वास घेतल्याशिवाय पिंपातलं खत काढायचं नाही," हे सासूबाईंचं उठता-बसता. हे म्हणतात, तिचं नाक म्हणजे सोनाराचा काटा. काल मळेवाले आले ते दारातूनच विचारत, "त्या नाकवाल्या वहिनी कुठायत?" मी समोर कोयता घेऊन बसलेली, त्यांना दिसलेच नाही. आता पिंपावर तुझा फोटो लावायचं घाटतंय. भाऊजींनी निवडलाही. त्यातली कानातली माझी आहेत, आठवत असेल.

खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट होतो. हा मासा कुजवून भाजीला घालायचं डोकं माझं. तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत तू पहिली होतीस. तेच नाक आता घरभर मिरवतंय.

पुढचं फोनवरच सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोन वाजला की सगळ्यांचे कान टवकारतात.

उन्हाळ्यातल्या त्या तापापासून मला वास येत नाही. कशाचाच नाही. दूध करपलं तरी धूर दिसल्यावर धावते. पिंप उघडलं की सगळे नाक दाबतात, मी तशीच उभी. सासूबाई कौतुकानं सांगतात, "थोरलीला कशाची म्हणून किळस नाही." मी मिठाची गुळणी धरून गप्प. कळलं तर मला मासे कापण्यापुरतीच ठेवतील.

मळेवाल्यांना शनिवारी खत हवंय, फ्लॉवरच्या कोवळ्या रोपांना. घाण जाऊन आंबटगोड वास सुटला की झालं, हे तुला मीच शिकवलं. कच्चं गेलं तर रोपं करपतील आणि आपलं पिंप पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. आणि मी तोऱ्यात बोलून बसले, "धाकटीची वाट कशाला बघायची? मी घेते वास." आज सगळ्यांसमोर झाकण काढलं, वाकून हुंगलं आणि म्हटलं, "अजून थोडं राहू दे." दुसरं काय म्हणणार?

भाजीच्या टेम्पोवाल्याबरोबर त्या पिंपातली एक बाटली पाठवतेय. भावाच्या उशाशी उघडू नकोस. वास घे आणि झालंय की नाही तेवढं चिठ्ठीवर लिही. चिठ्ठी टेम्पोवाल्याकडेच दे, माझ्याच हातात द्यायला सांग. भाऊजींनासुद्धा बोलू नकोस.

मला तोंडावर पाडायचं असेल तर यापेक्षा सोपी वेळ तुला मिळणार नाही. उलटं लिहिलंस तरी मला कळायचं नाही.

तुझ्या भरवशावर बसलेली,
तुझी थोरली जाऊ