आठातली तिसरी चौकट

सर,

परवा ऑफिसात एका नव्या मुलीने पंचवीस टक्के टाइप केलं आणि पडद्यावर मेगाहर्ट्झच्या वेगाची चौकोनी लहर उभी राहिली, चौथा हिस्सा वर, बाकी खाली. ती पुढच्या कामाला लागली. मी मात्र रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमध्ये, तुमच्या लॅबमध्ये जाऊन पोचले.

तुम्ही लहर आधी कानाने लावायचात. मोठा कपॅसिटर घालून फ्रीक्वेन्सी खाली आणायची, स्पीकर जोडायचा आणि वर-खालीचं प्रमाण बदलणारी पॉटची खुंटी फिरवत राहायचं. "निम्मं असलं की पोकळ वाजतं, पावावर आलं की सर्दी झाल्यासारखं नाकात बोलतं. ऐक गो." मग छोटा कपॅसिटर लावायचा; वेग वाढतो, प्रमाण तेच राहतं, असं तुमचं म्हणणं. लहर दाखवणाऱ्या सीआरओच्या पडद्यावरची हिरवी रेघ तुम्हाला दिसेनाशी झाली होती हे आम्हां सगळ्यांना कळलं होतं. हे वर कळलं तर लॅब जाणार, म्हणून तुम्ही बोलत नव्हतात आणि आम्हीही. सीआरओशी जो उभा असेल त्याने पडद्यावरच्या चौकटी स्वतःशीच मोजल्यासारख्या, पण मोठ्याने मोजायच्या, असा आमचा रिवाजच पडला होता. ते ऐकून तुम्ही पॉट हलकेच सरकवायचात.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. माझ्या टेबलावरची जोडणी तुम्ही नुकतीच कानाने लावून दिलेली. पण वेग फार वाढवला की आयसीच्या चिपला स्वतःला वरखाली व्हायला वेळ लागतो आणि पाव हिस्सा फुगतो. आठ चौकटींत दोन हव्यात, मला तीन दिसतायत. परीक्षक अजून शेजारच्या टेबलाशी आहेत, मोजायला भरपूर वेळ आहे. मी मोठ्याने मोजत नाही. ते येतात, तुम्हाला विचारतात, "किती आहे?"

"पंचवीस टक्के. स्वच्छ दिसतंय की."

ते माझ्याकडे वळतात. मी साडेसदतीस सांगते, वर कारणही सांगते. तुम्ही म्हणता, "बरोबर आहे हो तिचं."

पुढच्या सत्रात लॅब दुसऱ्यांकडे गेली, तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं. पेढे घेऊन आले तर आवाजावरून ओळखलंत. "नोकरी लागली ना गो? मग झालं." परीक्षेचा विषय न काढताच मी पुडा ठेवून निघाले, आणि मग तुम्हीच गेलात.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. परीक्षकांसमोर मी खोटं कसं बोलणार होते, असं स्वतःला सांगून इतकी वर्षं काढली. पण आधी मोठ्याने मोजलं असतं तर खोटं बोलायची वेळच आली नसती. ते उत्तर मला एकटीला द्यायचं होतं, सर. आणि परीक्षकांनी मान डोलावली तेव्हा, तुम्ही शेजारी उभे असताना, मला फार आनंद झाला होता.