मिठाच्या जागी कोथिंबीर

रविवार, १ फेब्रुवारी
बाबांचं बीपी वाढलेलं. डॉक्टर पवित्रा म्हणाल्या, गोळी चुकवू नका, मीठ कमी करा, कोथिंबीर-पुदिन्यासारखा पाला वाढवा, म्हणजे कमी मीठ जाणवत नाही. मी मीठ बंदच करणार. अर्धवट कामं आपल्याला जमत नाहीत. मिठाची बरणी माळ्यावर.

बाबा महिन्यासाठी आलेत, तेही १ मार्चचं निपाणीचं तिकीट काढूनच. त्यांना परत जाऊ द्यायचं नाही. आई गेल्यापासून तिथे एकटे. दिवाळीनंतर स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले, ते शेजारच्या महानंदाकाकू दूध घेऊन आल्या तेव्हा कळलं. मला इथे बंगळुरूत, मारतहळ्ळीत कळलं दुपारी, मीटिंग संपल्यावर.

प्लॅन: असं चविष्ट, हेल्दी जेवण घालायचं की बाबा स्वतःच तिकीट कॅन्सल करतील. स्वयंपाक मी करणार. श्वेताने विचारलं, तुला येतो? बायको असून इतका अविश्वास.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
कोथिंबीर, पुदिना, शेपू, कढीपत्ता, ओव्याची पानं. बाल्कनीत तुळस आहेच. पुदिना पचनाला, ओवा पोटाला, तुळस घशाला. सगळं एकाच आमटीत घातलं, म्हणजे कुठलाच फायदा राहून जायला नको. पहिल्या घासाला बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. भावुक झाले असणार. कशी झालीय विचारलं तर म्हणाले, हिरवी.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
बाबांना पानात डावीकडे चिमूटभर मीठ वाढलेलं लागतं. खात नाहीत, पण लागतं. आईने कधी चुकवलं नाही. आज मी त्या जागी बारीक चिरलेली कोथिंबीर वाढली. आयडिया एकदम सुचली. बाबांनी पानाकडे बघितलं. मग म्हणाले, अरे अद्वैत, मीठ न वाढलेलं पान देवाला दाखवतात. मी अजून आहे.

श्वेता हसत आत पळाली. नव्या सिस्टिमला लोक आधी विरोधच करतात.

रविवार, ८ फेब्रुवारी
संकल्प: आजपासून मीही अळणीच जेवणार. बाबांना सपोर्ट. श्वेता वेगळी भाजी करून घेते. तिची मर्जी.

सोमवार, ९ फेब्रुवारी
रिंग रोड जाम. कॅब हलेना, म्हणून उतरून दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात गेलो. खारा बात, म्हणजे इथला तिखट उपमा. चटणी पुदिन्याची होती, म्हणजे प्लॅनमध्ये बसतं. काउंटरवरच्या अक्कांनी स्वल्प लोणचं देऊ का विचारलं. परक्या गावात बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं? (गावात बारा वर्षं झाली, पण तरी.)

बुधवार, ११ फेब्रुवारी
ट्रॅफिक नव्हता. तरी उतरलो. दोन उद्दिन वडे, म्हणजे आपले मेदूवडे, आत कढीपत्ता स्पष्ट दिसत होता. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये खारे शेंगदाणे ठेवलेत, इमर्जन्सीसाठी. संपले.

शनिवार, १४ फेब्रुवारी
बाबा रोज सकाळी फिरायला जातात आणि खुशीत परत येतात. बाहेर खात असणार! पाठलाग केला. ते बागेतल्या बाकावर बसून वॉचमन नागराजशी कन्नडमध्ये गप्पा मारत होते. मी समोरच्या दर्शिनीत खांबाआड. नुसतं उभं राहिलं तर लोकांना संशय येतो, म्हणून इडली-वडा घेतला. गप्पा संपेनात, म्हणून मसाला डोसा. बाबांनी शेवटपर्यंत काहीही खाल्लं नाही.

म्हणजे त्यांची मिठाची सवय सुटली! माझ्या पाल्याने सुटली! घरी नाश्त्याला भूक नाही म्हणालो. बाबा माझ्या शर्टाकडे बघत राहिले. चटणी सांडली होती.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
बाबांनी बॅग खाली काढून झटकली. का, विचारलं. म्हणाले, माझ्यापायी तुझे हाल होतायत, चोरून खावं लागतंय. मी गेलो की घरात नीट जेवाल.

चोरून? मी?

घाबरलो. खरंच घाबरलो. पुन्हा ते स्वयंपाकघर, पुन्हा दूध येईपर्यंत कोणाला पत्ता नाही. रात्रीला तुळशीचं पिठलं केलं, शेवटचा उपाय म्हणून. बाबांनी संपवलं आणि हात धुतले. मीच मागून लोणच्याच्या बरणीत बोट घातलं. टेन्शनमध्ये माणसाचं होतं असं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
बाबांचं तिकीट रद्दीत लपवलं. बाबा म्हणाले, मोबाईलवर पण आहे. उद्या चेकअप. आता त्याच्यावरच भिस्त. बीपी उतरलं तर श्रेय पाल्याचं, पाला माझा, मग जातील कशाला?

शनिवार, २१ फेब्रुवारी
उतरलं! डॉक्टर खूश. बाबांनी गोळी एकदाही चुकवली नव्हती, चालणंही रोजचं. मी पाल्याबद्दल सविस्तर सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, तुमचा चेहरा लाल का? बसा इथे.

यंत्र बिघडलेलं निघालं. तसं त्यांना सांगितलं. दुसरं आणलं. तेही बिघडलेलं. मग त्यांनी विचारलं, बाहेर किती वेळा खाता? मी म्हणालो, क्वचित. बाबा म्हणाले, रोज.

येताना कॅबमध्ये श्वेताही होती. घराजवळ आल्यावर बाबांनी श्वेताला मोबाईल दिला आणि तिकीट कॅन्सल करायला सांगितलं. याला असं सोडून कसा जाऊ, म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. डोळे भरून आले होते. पाहिजे होतं तेच झालं, फक्त मी ठरवलं होतं तसं नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी
स्वयंपाक बाबांनी केला. पहिलं पान माझं. डावीकडची जागा रिकामी. बाबांनी बाल्कनीतून तुळशीचं पान आणून माझ्या भातावर ठेवलं, ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि डोळे मिटले. श्वेताने घंटा वाजवली.

देवाचं बरं असतं. त्याला नुसतं दाखवतात. माझं पान संपेपर्यंत बाबा समोरून हलले नाहीत.